केवड्याचा लेप

नगरांना नावं होती, पण ती आता कुणालाच आठवत नाहीत, इतकी ही जुनी गोष्ट आहे. अशाच एका नगराच्या वेशीबाहेर रंगारी राहत. निळीच्या कुंडात चुना असे. त्यात सूत बुडवून बुडवून त्यांचे हात सुजत, लाल होत, जळजळत.

त्यांच्यातल्या एका विधवा रंगारिणीचा मुलगा वैद्य झाला. आईच्या हातांसाठी त्याने आंबेहळद करंजाच्या तेलात कढवून लेप केला. नुसती हळद कातडीवरच बसून राही, तेल तिला आत मुरवी. लेपाला उग्र वास येई, पिवळे डाग पडत, पण सूज उतरे.

कीर्ती राजवाड्यात पोचली. राणीने डबी उघडली आणि नाकाला पदर लावला.

"वैद्यबुवा, हे औषध आहे की शिक्षा?"

दासी फिदीफिदी हसल्या. वैद्य ओशाळला आणि लेप सुधारायला बसला. तेल काढून त्याने केवड्याचं पाणी घातलं. डाग नकोत म्हणून हळद गाळून गाळून फिकी केली. राणीने तो लेप हातांना चोळला. त्या हातांना जन्मात कधी चुना लागला नव्हता!

"वा! किती गार वाटतं!"

झालं. वैद्याला राजवैद्याची पगडी मिळाली. जुन्या लेपाचं मडकं त्याने स्वतःच फोडून टाकलं.

नव्या लेपाच्या डब्या तो आईला धाडू लागला. ती रोज लावी, पण सूज उतरेना. शेजारीण म्हणाली, "अगं, गुण येत नाही म्हणून लेकाला सांग की!"

"गप गं," म्हातारी म्हणाली. "राणीला गुण आला. माझीच कातडी करंटी, त्याला तो काय करणार? पोराच्या पगडीला बट्टा लावू का मी?"

वर्षाने लेक घरी आला. आईची बोटं पिकून आखडली होती, तिला भाकरीही मोडता येईना. त्याने धावतपळत करंजाचं तेल कढवलं. पण आखडलेली बोटं कुठल्या लेपाने सरळ होतात?

मग तो तिला आपल्या हाताने भरवू लागला. आणि ती माउली दर घासाला म्हणे, "तुझ्या लेपात खोट नव्हती रे, बाळा." ती असेपर्यंत त्याला हे ऐकावं लागलं.

तात्पर्य : औषध सुधारायचं तर ज्याची कातडी जळते त्याला विचारावं, जो नाक मुरडतो त्याला नव्हे.