नागूमायचं पाणी

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि वाकीबंदरला दवाखानाही नव्हता, तेव्हा तिथे नागूमाय नावाची एक कोळीण सुईण होती. पोटात आडवं आलेलं मूल तिचा आवाज ऐकून आपणहून वळायचं, असं म्हणतात.

गावात अर्धी वस्ती कोळ्यांची, अर्धी ख्रिस्ती बागायतदारांची. नागूमाय दोन्हीकडे जायची. ख्रिस्ती घरातलं मूल अगदीच अशक्त निघालं आणि चर्चपर्यंत टिकेल असं वाटेना, की त्याचा बाप्तिस्मा जागच्या जागी करावा लागे. अशा वेळी पाणी ओतणारा स्वतः ख्रिस्ती नसला तरी चालतं. म्हाताऱ्या फादरनी तिला शब्द शिकवून ठेवले होते. ती तीनदा पाणी ओतायची, शब्द म्हणायची, आणि मुलाचा आत्मा तारला जायचा. बहुतेक मुलं त्याच दिवशी जायची. काही मात्र तिच्या पाण्याने जगली. त्यांतलाच एक इनास. तो मोठा होऊन फादर झाला आणि आपल्याच गावात आला.

फादर इनास जे शिकवायचा ते मनापासून मानायचा. वाट एकच, बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही. म्हणूनच त्याला घोर लागला होता. ज्या बाईने त्याला आत घेतलं, ती स्वतः बाहेर होती.

"नागूमाय, या रविवारी ये. मी स्वतः पाणी ओततो."

"मी नाय येत."

"अगं पण का?"

"माझी पोर नवव्या दिवशी गेली. बारसंबी झालं नव्हतं. तेव्हा मला तुमचे शब्द ठाऊक नव्हते. आता मी आत जाऊन बसू, आन् ती बाहेर कोणाजवळ?"

तरी फादर दर आठवड्याला यायचा, आणि ती दर आठवड्याला म्हणायची, "आलास? बस. सुके बोंबील ने जाताना. उपदेश देऊन दमला असशील."

एका श्रावणात, भर दुपारी, समोरच्या बेटावरून निरोप आला. बस्त्यांवची बायको फिलू दोन दिवस अडली होती. दर्या असा खवळलेला की कोणी होडी काढेना. नागूमायने स्वतःच वल्हं उचललं. फिलूचा अंतकाळ आलाच तर म्हणून पवित्र तेलाची कुपी घेऊन फादरही होडीत बसला.

खाडीच्या मध्यावर वारा फिरला. माडाएवढ्या लाटा उठल्या, असं म्हणतात. वल्हं मोडलं. होडी भरायला लागली. फादरला स्वतःचं भान राहिलं नाही. त्याने ओंजळीत पाणी घेतलं आणि तो ओरडला, "नागूमाय, हो म्हण! एकदाच हो म्हण, अजून वेळ आहे!" तिने हो म्हटल्याशिवाय त्याला ते ओतता येत नव्हतं.

ती नारळाच्या करवंटीने पाणी उपसत होती. "आधी माझ्या पोरीचं काय ते सांग!"

"नागूमाय!"

"सांग, इनास! ती कुठं हाय?"

आयुष्यभर शिकलेलं सगळं त्याच्या जिभेवर आलं, आणि तिथेच थांबलं. त्याने ओंजळ खाडीत सोडून दिली आणि आभाळाकडे तोंड करून ओरडला, "हिच्या पोरीला धर रे देवा! मला काही कळत नाही!"

तेव्हा खाडी हातांनी भरली. इवलेसे, नुकत्या जन्मलेल्या बाळांचे हात. डावीकडून, उजवीकडून, शेकडो. त्यांनी होडी धरली. डोंगराएवढी लाट आली आणि होडीखालून निघून गेली. नागूमाय उभीच राहिली, हसत, रडत, आपण पाणी ओतलेल्या एकेकाला ओळखत. "हा मोनूचा! ही कैतानची थोरली! अरे, हे जुळं बघ, फादर, हे जुळं!" आणि होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाला, सगळ्यांच्या पुढे, दोन हात होडी ओढत होते. त्यांच्यासाठी कधी कोणी शब्द म्हटले नव्हते. तिला हाक मारायला नागूमायकडे नाव नव्हतं. ती नुसतीच म्हणाली, "अगं बाय, तू!"

वल्ह्याशिवाय होडी अशी धावली की काठावरचे बगळे उडायच्या आत वाळूला लागली. तासाभरात फिलू मोकळी झाली, आणि पोरगं असं रडलं की ते खाडीपलीकडे ऐकू गेलं, असं म्हणतात.

नागूमाय त्यानंतर अकरा वर्षं जगली. बाप्तिस्मा तिने घेतला नाही, आणि फादरने पुन्हा विचारलं नाही. गावातल्या कोणीतरी त्याला टोचलंच, "मग फादर, वाट एक की दोन?"

"एकच," तो म्हणाला. "अजूनही एकच. त्या वाटेवरून देव कोणाकोणाला चालवतो, ते मात्र त्याने मला विचारून ठरवलेलं नाही."

आजही वाकीबंदरला दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरींना आशीर्वाद देऊन झाला की लोक कबरस्तानात थांबत नाहीत. फाटकाबाहेर पडून खाडीवर येतात. तिथे पूर्वी कोळ्यांची तान्ही मुलं पुरत. कोळिणी आधीच येऊन उभ्या असतात. जे कोणी फादर असतील ते गुडघाभर पाण्यात उतरतात आणि ओंजळीने तीनदा पाणी ओततात. शब्द म्हणत नाहीत. मग दोन्हीकडच्या बाया पुढे होतात, आणि ज्यांची बारशी राहून गेली, त्या पोरांची नावं ठेवतात. मोठ्याने, एकामागून एक, खाडीच्या पार जातील अशी.