लिंबाजी तेल्याला वाचून कोणी दाखवले

सोमगीर महाराज वरखेड्याला आले ते चार दिवसांसाठी, आणि राहिले बावीस वर्षे. नदीच्या पलीकडे उंबराखाली त्यांची झोपडी होती. जवळ एक घोंगडी, एक लोटा, आणि येईल त्याला "बस बाळा" म्हणण्याची सवय. पोथी नाही, पुस्तक नाही. अशा त्या महाराजांच्या गावात लिंबाजी तेली राहत असे. भाविकहो, आजची गोष्ट त्याची आहे.

गावचा देव केशवराज, त्याच्या देवळातल्या नंदादीपाला तेल घालण्याचा मान लिंबाजीच्या घराण्याकडे होता. घाण्यातून निघणारी पहिली धार देवाची, मग गावाची, असा त्यांचा रिवाज. लिंबाजीची बायको राही तिन्हीसांजेला तेलाची बुधली पदराखाली झाकून देवळात नेई. पदरी मूलबाळ नव्हते. दोघेच एकमेकांना होते. त्या वर्षी श्रावणात गावात पटकीची साथ शिरली, आणि सकाळी घाण्याला बैल जुंपून देणारी राही दुपारी हे जग सोडून गेली. महाराज त्या दिवशी येऊन लिंबाजीजवळ बसले.

दिवस झाले, घाणा पुन्हा फिरू लागला, पण देवळात तेल जाईना. भादवा सरला, घट बसले, तरी नाही. तेव्हा मोरेश्वरशास्त्री चार माणसे घेऊन दारात आले. हे शास्त्रीबुवा मोठे विद्वान. केशवमाहात्म्याचे चाळीस अध्याय त्यांना मुखोद्गत होते. पंचक्रोशीत त्या ग्रंथाची एकच पोथी, तीही त्यांच्या आजोबांच्या हातची, त्यांच्याच देवघरात असे.

लिंबाजी त्यांना शांतपणे म्हणाला, "देव नाही, शास्त्रीबुवा. असता तर रोज समोर येणारी बाई त्याला ओळखू आली असती. मग तेल कुणाला घालू?"

"देव नाही म्हणायला अभ्यास लागतो," शास्त्रीबुवा म्हणाले. "केशवमाहात्म्य वाचलंस कधी? एक तरी ओवी ठाऊक आहे? आधी चाळीस अध्याय वाच, समजून घे, आणि मग नाही म्हण. न वाचता नाही म्हणणारा तू रे कोण?"

चौघे हसले, कारण लिंबाजीला अक्षरओळख नाही हे सगळ्या गावाला माहीत होते. आता तुम्हीच सांगा, वीस वर्षे हा माणूस हात जोडत होता, तेव्हा किती वाचलेस म्हणून त्याला कोणी हटकले होते का? तेल तर मुकाट्याने घेत होते!

पाटलांनी निवाडा दिला. कार्तिकी पौर्णिमेला केशवराजाचा उत्सव असतो. तोवर लिंबाजीने शब्द मागे घ्यावा आणि तेल घालावे, नाहीतर घाणा मोडून गाव सोडावे. तोपर्यंत तो वाळीत.

वाळीत पडणे म्हणजे काय, ते पडलेल्यालाच कळते. करडई घेऊन कोणी येईना. पाणवठ्यावर गेला की बायका घागरी उचलून चालू लागत. घरात राहीचे लुगडे दांडीवर तसेच होते, ते काढायला त्याचा हात धजत नव्हता. तो बैलाशी बोले, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बैलाशीही बोलेनासा झाला. गाव सोडायचे तर राहीला जिथे अग्नी दिला तो घाटही सुटणार, एवढे एकच त्याला खात होते. आणि खोटे बोलून तेल घालावे, तर ते राहीला आवडले नसते.

त्याने शास्त्रीबुवांचे म्हणणे मनावर घेतले, हे विशेष. तो त्यांच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिला.

"मला वाचता येत नाही. तुम्ही वाचा, मी ऐकतो. सगळं ऐकूनही नाहीच वाटलं, तर नाही म्हणेन."

"तुझ्यापुढे पोथी सोडू? उद्या तेलाचे हात लावशील तिला," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतले.

लिंबाजी तसाच नदी उतरून पलीकडे गेला. उंबराखाली महाराज बसले होते. मांडीवर एक पोथी सोडलेली होती.

"बस बाळा. कुठून वाचू?"

"पहिल्यापासून," लिंबाजी म्हणाला. "मला नीट समजून नाही म्हणायचंय."

महाराज हसले. "मग नीट ऐक," म्हणाले.

त्या दिवसापासून रोज दुपारी एक अध्याय. महाराज सावकाश वाचत, मधेच थांबून "पटलं का रे?" म्हणून विचारत. नाही पटले तर लिंबाजी स्पष्ट सांगे, आणि महाराज मान डोलावून पुढे वाचत. एकदा त्यांनी विचारले, "राही कशी होती?" श्रावणापासून हे कोणीच विचारले नव्हते. त्या दिवशी अध्याय लहान झाला आणि राहीच लांबली. ती भाकरी करताना स्वतःशी गुणगुणायची, बैलाला रागवायची आणि मग त्याच्याच पाठीवरून हात फिरवायची. लिंबाजी सांगत राहिला, महाराज ऐकत राहिले.

पंचविसाव्या अध्यायात केशवराज भक्ताच्या एका हाकेला धावून येतो. तिथे लिंबाजीने त्यांना थांबवले.

"राहीनं त्या दुपारी चारदा केशवा म्हणून हाक मारली. मी उशाशी होतो. तेव्हा कुठं होता हा?"

महाराजांना पुढे वाचवेना. त्यांचे डोळे भरून वाहू लागले. उत्तर त्यांनी दिले नाही. लिंबाजी म्हणे, उत्तर दिले असते तर मी उठून गेलो असतो.

एकोणचाळीस अध्याय झाले. चाळिसावा दुसऱ्या दिवसावर ठेवून लिंबाजी घरी आला. पण तो दुसरा दिवस पौर्णिमेचा होता. सकाळीच त्याला देवळात बोलावणे आले. सभामंडप माणसांनी भरला होता. पाटील होते, शास्त्रीबुवा होते, आणि खांबाला टेकून सोमगीर महाराज बसले होते.

"काय ठरलं तुझं?" पाटलांनी विचारले.

"एक अध्याय राहिलाय. तेवढा ऐकतो आणि सांगतो."

"ऐकतो?" शास्त्रीबुवा म्हणाले. "तुला वाचून कोण दाखवतंय?"

"महाराज. रोज दुपारी, उंबराखाली."

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मग पाटील हळूच म्हणाले, "लिंबाजी, महाराज इथं नव्हतेच. घटाच्या पाचव्या माळेला आम्ही पाचजण त्यांना घेऊन गोदेच्या उगमाला गेलो, ते आज पहाटे परतलो. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

सगळ्या गावाला ठाऊक होते, पण लिंबाजीला कोण सांगणार? त्याच्याशी कोणी बोलतच नव्हते.

शास्त्रीबुवांना जोर चढला. "धडधडीत खोटं! पोथी पंचक्रोशीत एकच, ती माझ्या देवघरात कुलपाआड आहे. बोल, कुठली पोथी वाचली?"

लिंबाजी महाराजांकडे पाहू लागला. महाराजांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, पोथी आणा."

पोथी आली. शास्त्रीबुवा तिला रोज गंधफूल वाहत, पण सगळे पाठ असल्याने तिचा रुमाल अकरा वर्षांत सोडला नव्हता. आता त्यांनी गाठ सोडली, वरची फळी काढली, पहिले पान उचलले. पानाच्या कोपऱ्यावर तेलकट अंगठा उमटलेला होता. दुसऱ्या पानावर तोच, तिसऱ्यावर तोच.

"पानं सुटी आहेत ना," लिंबाजी चाचरत म्हणाला. "नदीवरचा वारा. ते म्हणाले, तू कोपरा दाबून धर. मी म्हटलं, माझे हात तेलाचे आहेत. म्हणाले, असू देत."

शास्त्रीबुवा पाने उलटत राहिले. पंचविसाव्या अध्यायातल्या एका पानावर शाई फुटली होती. वरून थेंब पडावेत तसे तीन डाग होते. एकोणचाळिसाव्यापर्यंत अंगठा होता, आणि चाळिसाव्या अध्यायाच्या पानांवर एकही डाग नव्हता.

महाराज रडत होते. "बावीस वर्षं त्याची वाट पाहिली," ते म्हणाले. "तो माझ्या दारी एकोणचाळीस दिवस बसून गेला, आणि मी गावात नव्हतो."

लिंबाजीला हळूहळू उमगले. तो खाली बसला. गावाला वाटले, आता हा केशवराजाचा जयजयकार करील. पण तो लहान मुलासारखे विचारू लागला, "म्हणजे आज दुपारी ते यायचे नाहीत? मला अजून भांडायचं होतं त्यांच्याशी."

शास्त्रीबुवांनी येऊन महाराजांचे पाय धरले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझे नकोत. वाचून मग नाकार म्हणालात, त्यात वावगं काही नव्हतं. पण तो ऐकायला आला तेव्हा तुम्ही दार लावलंत. मग ज्याला तो नाही म्हणत होता, त्यालाच यावं लागलं. आज ऐकून हा पुन्हा नाही म्हणाला, तरी त्याला कोणी गावाबाहेर काढायचं नाही."

शास्त्रीबुवा वळले. ज्या तेल्याच्या हाताचा त्यांना विटाळ होत होता, त्याच्या पायांवर त्यांनी डोके ठेवले. चाळीस दिवसांत लिंबाजीला गावातल्या एकाही माणसाचा स्पर्श झाला नव्हता. त्याने नकळत शास्त्रीबुवांच्या पाठीवर हात ठेवला, आणि राही गेल्यापासून जे डोळ्यांतून आले नव्हते ते आले. तो राहीचे नाव घेऊन मोठ्याने रडला. शास्त्रीबुवा त्याच्याजवळ बसून राहिले. त्याचे रडणे थांबल्यावर त्यांनी चाळिसावा अध्याय वाचायला घेतला.