देवाला न चालणारा तडा

मी हत्यारं विकतो, म्हणून मोहिते मालक खंडेनवमीला मला कारखान्यात पूजेला बोलावतात. यंदा गुणाजी फिटरच्या भुवईवर पट्टी दिसली. हातोड्याचा तडकलेला दांडा बदला, असं तो महिनाभर सांगत होता. मालक म्हणायचे, "अजून चालतोय की." शेवटी दांडा तुटला, डोळा थोडक्यात वाचला.

पूजा मांडली तसे मालक खेकसले, "फोटोची काच तडकलीय. तडा गेलेलं देवापुढे चालत नाही, दुसरा आणा."

गुणाजीनं तडकलेल्या दांड्यांचे सगळे हातोडे पाटावरून उचलून दाराबाहेर टाकले.

"मग हेही नकोत, मालक. देवापुढे जे चालत नाही, ते आमच्या हातात कसं चालतं?"

आरती अडली. मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

"किती दांडे पाठवू?" मी विचारलं.