हात पोचेल असा पाळणा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते राज्य नेमकं कुठे होतं हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. म्हणजे माझ्या सांगण्यात चूक काढायलाही कुणी येणार नाही. तेव्हा निवांत बसा आणि ऐका.

त्या राज्यात एक राजा होता आणि एक राणी. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. नवस झाले, व्रतं झाली, वैद्यांचे काढे झाले. सगळ्यांनी आशा सोडल्यावर राणीला दिवस राहिले आणि दिवस भरायच्या आधीच तिला मुलगी झाली.

पोर जिवंत होती, पण केवढीशी! राजाच्या दोन तळहातांत मावेल एवढी. आवाज इतका बारीक, की शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसालाही ऐकू येऊ नये. ती थोडंसं दूध प्यायची, दमायची, झोपायची आणि पुन्हा प्यायची. कधी कधी प्यालेलं दूध वर यायचं आणि तिचा श्वास अडकायचा. मग राणी तिला चटकन उचलून खांद्यावर घ्यायची, पाठीवरून हात फिरवायची, तेव्हा कुठे पोर मोकळी व्हायची. हा हात जरा उशिरा पोचला तर काय होईल, या विचारानेच राणी रात्र रात्र जागायची.

बाराव्या दिवशी बारसं होतं. त्या राज्याची रीत अशी, की बारशापर्यंत बाळ आईच्या कुशीत आणि बारशापासून पाळण्यात. नाव ठेवायचा मान जसा आत्याचा, तसा पाळणा निवडायचा मानही आत्याचाच.

आता ही आत्या म्हणजे राजाची थोरली बहीण. सगळा राजवाडा तिला आक्कासाहेब म्हणायचा आणि सगळा राजवाडा तिला भ्यायचा. बाई मनाची वाईट नव्हती हो. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. पण तिच्या तोंडून एकदा शब्द निघाला की तो फिरायचा नाही. राजा रणांगणावर वाघ होता, आक्कासाहेबांपुढे मात्र त्याचं मांजर व्हायचं.

दवंडी पिटली गेली आणि गावोगावचे कारागीर पाळणे घेऊन राजवाड्यात आले. शिसवी पाळणे आले, चंदनी आले, लाखेच्या रंगांनी लखलखणारे आले. मग सुरू झाली पारख.

बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. बाळ दणकट व्हावं, एवढाच त्यामागचा भाव. पण या राज्यातली मंडळी त्याच्याही पुढे गेली होती. ती वरवंट्याला अंगडं-टोपडं घालायची, एकेका पाळण्यात निजवायची, झोके द्यायची आणि वाकून बघायची.

“वा! कसा गाढ झोपलाय!” एक म्हातारे सरदार म्हणायचे.

“चेहऱ्यावर समाधान बघा,” दुसरे म्हणायचे.

वरवंट्याच्या चेहऱ्यावर! पण हसायचं कुणी? आक्कासाहेब समोर बसलेल्या.

अखेर त्यांनी पसंत केला तो चांदीचा पाळणा. दिवाणखान्याच्या छताला लांबलचक साखळ्यांनी तो टांगायचा. चारी बाजूंनी घुंगरं. उंची अशी, की दाराशी उभ्या असलेल्या शेवटच्या माणसालाही पाळणा दिसावा, आणि झोके द्यायला खाली रेशमी दोरी. वरवंटा त्यात फारच सुखात होता.

राणीला हे कळलं तेव्हा तिने आक्कासाहेबांना बोलावून घेतलं.

“वन्सं, पाळणा तुम्ही निवडाल तो. फक्त तो माझ्या पलंगाला लागून असू दे. पडल्या पडल्या माझा हात पोचेल असा.”

“राजाची लेक खाटेच्या कडेला निजणार? लोकांनी बघायचं काय?”

“तिला बघायला लोक हवेत, की मी?”

“राणी, तू पहिलटकरीण आहेस,” आक्कासाहेब समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “पहिलटकरणीला सगळ्याचीच भीती वाटते. होईल सवय.”

राणीने शेजारी उभ्या असलेल्या राजाकडे पाहिलं. “आक्कासाहेब सांगतात ते विचार करूनच सांगत असतील,” असं म्हणून तो खिडकीबाहेरचं झाड फार लक्ष देऊन बघू लागला.

बारशाचा दिवस उजाडला. दिवाणखाना माणसांनी फुलून गेला. चौघडा वाजू लागला. बाळाला चांदीच्या पाळण्यात निजवलं आणि आक्कासाहेबांनी दोरी हाती घेतली. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. पाळणा म्हणून झाला, की आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं. तोवर आईने पाटावरून उठायचं नाही, अशी रीत.

राणी पाटावर बसली होती. घुंगरांच्या आवाजात तिला काही ऐकू येत नव्हतं. मान वर करून बघावं तर दिसायची ती नुसती चांदी.

“किती शहाणी पोर!” मागची एक बाई म्हणाली. “हूं नाही की चूं नाही!”

ते ऐकलं मात्र, राणी ताडकन उठली. चौरंगावर चढून तिने पाळण्यात हात घातला आणि बाळाला उचललं. बाळाचे ओठ निळे पडले होते. तिने त्याला खांद्यावर पालथं घेतलं, पाठीवर थोपटलं, पुन्हा थोपटलं. चौघडा थांबला. मग अडकलेलं दूध राणीच्या भरजरी शालूवर सांडलं आणि बाळ रडलं. एवढंसं रडणं, पण त्या वेळी सगळ्या दिवाणखान्याला ते ऐकू आलं.

“दृष्ट लागली पोरीला,” आक्कासाहेब पुटपुटल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण शब्द काही फिरत नव्हता. “पाळण्याचा काय दोष?”

राणी बाळाला घट्ट धरून उभी राहिली. 

“वन्सं, मान तुमचा आहे. तो मला काढून घ्यायचा नाही. पाळणा तुम्हीच निवडा. पण या खेपेला वरवंट्याला विचारू नका. उद्या दुपारी माझ्या पलंगावर, माझ्या जागी आडव्या व्हा आणि मग निवडा. तोवर ही माझ्या कुशीतून हलणार नाही.”

भरल्या सभेत आक्कासाहेबांना असं कुणी बोललं नव्हतं. “होईन की आडवी! मला कसली भीती?” त्या म्हणाल्या.

राणीने सुताराला बोलावलं आणि नाकारलेल्या पाळण्यांमधला एक साधा, चार पायांचा पाळणा पुढे ओढला. त्याचे पाय तिने पलंगाच्या उंचीइतके कापून घेतले. पलंगाकडची बाजू काढून टाकली. मग तो पाळणा पलंगाला असा घट्ट बांधून घेतला, की मध्ये बोट जाईल एवढीही फट राहिली नाही. आत उशी नाही, घुंगरं नाहीत, झालर नाही. ताणून बसवलेली सपाट गादी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी राणीने बाळाला त्या गादीवर उताणं निजवलं आणि आक्कासाहेब पलंगावर आडव्या झाल्या. राणी पायथ्याशी बसली.

बराच वेळ काहीच झालं नाही. आक्कासाहेब कंटाळल्या, त्यांचे डोळेही मिटले. तेवढ्यात त्यांच्या कानाशी कसलीशी चुळबुळ झाली. रडणं नव्हे. नुसती जिभेची चुटचुट, मग एक बारीक उचकी. त्यांनी डोळे उघडायच्या आत त्यांचा हात पाळण्यात पोचला होता. दूध वर आलं तेव्हा बाळ त्यांच्या खांद्यावर होतं. राणी उठून पुढे येईपर्यंत बाळ मोकळं झालं होतं आणि आत्याचा पदर ओला.

आक्कासाहेबांनी बाळाला छातीशी धरलं. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“काल दोरी माझ्या हातात होती गं, राणी,” त्या म्हणाल्या. “पोर गुदमरत होती आणि मी झोके देत होते.”

“काल तुम्हाला ऐकूच आलं नाही, वन्सं. आज आलं ना?” राणी म्हणाली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला.

आक्कासाहेबांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि त्या तरातरा सज्जात गेल्या. खाली सगळी मंडळी ताटकळत उभी होती. राजाही त्यांच्यातच होता.

“पाळणा मी निवडलाय!” त्या अशा गरजल्या, की वेशीवरचे पहारेकरी दचकले. “राजाची लेक आईच्या हाताशी निजेल! कुणाला काही म्हणायचंय?”

 राजानेच सगळ्यांच्या आधी आनंदाने फेटा उडवला. चौघडा पुन्हा झडला, तोफा सुटल्या, हत्तीवरून साखर वाटली गेली. आत पलंगाशेजारी आत्याने वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, वीरमती. बायकांनी हळुवार आवाजात पाळणा म्हटला आणि राणी तेरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसली.

चांदीचा पाळणा देवळात दिला. देवाच्या जन्मोत्सवाला तो फार शोभतो, आणि देवाला दूध वर यायची चिंता नाही.

पुढे वीरमती चांगली बाळसेदार झाली, घोड्यावर बसली आणि एक दिवस गादीवरही बसली. तिने हाक दिली की नदीपलीकडचं सैन्य उठून उभं राहायचं. आणि त्या राज्यातल्या आत्या पाळणा निवडण्याआधी बाळंतिणीच्या बाजेवर आडव्या होऊन हात लांब करून बघू लागल्या. रीत मोडली नाही, शहाणी झाली.

बोध एवढाच, की ज्याचा जीव जपायचा त्याच्यासाठी काही निवडताना बघणाऱ्यांच्या डोळ्यांचा नव्हे, जपणाऱ्याच्या हाताचा विचार आधी करावा.