भुऱ्यानं लाडू टाकला

वहाणा बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. सदोबा कासार बांगड्या घेऊन गावोगाव फिरायचा, अन् भुऱ्या कुत्रा पुढं पळायचा. मग बायका त्याच्या दारीच बांगड्या भरायला येऊ लागल्या, अन् सदोबा झोपाळ्यावर बसला तो बसलाच.

भुऱ्याला चैन पडेना. दारात जा, परत ये, पायाशी कुंईकुंई कर. सदोबाला वाटे, भुकेला असेल बिचारा. एक लाडू त्याला टाकायचा, एक आपण खायचा. बायको म्हणायची, "अहो, दोघं सारखेच घोरता. घोरतंय कोण, तेच ओळखू येत नाही!"

एका सकाळी उंबरा ओलांडताच भुऱ्याला धाप लागली. तो वहाणांपाशी पडला.

वहाणा म्हणाल्या, "आम्हाला बुरशी, तुला चरबी. असाच मरशील, अन् तुझ्यामागं तुझा धनीही."

"मी काय करू? रडलो की लाडू येतो."

"मग खातोस कशाला?"

तेवढ्यात लाडू आलाच, तुपाचा. भुऱ्यानं लाळ गिळली, लाडूकडं पाठ केली, एक वहाण तोंडात धरली अन् जीव खाऊन पळाला.

"अरे लेका, माझी वहाण!" सदोबा दुसरी वहाण पायात घालून मागं धावला. ओढ्यावर दोघं धापा टाकत बसले. घरी येऊन सदोबानं भाकरी मागून खाल्ली, चतकोर भुऱ्याला घातली.

दुसऱ्या दिवशी भुऱ्या कुंईकुंई करू लागला. सदोबाचा हात लाडवांच्या डब्याकडं गेला, थांबला, अन् वहाणांकडं वळला.

दिवाळीपर्यंत वहाणांचे तळ पार झिजले. ते नवे लावून घ्यायला सदोबा वहाणा काखेत मारून शेजारच्या गावी अनवाणीच निघाला, अन् भुऱ्या पुढं पळत होता.