हेल्मेटखालचा चेहरा

“मग, चूक सापडली का?”

सुभेदार सर्जेराव निकम पुढं वाकले. टेबलावर ठेवलेल्या देखाव्याकडे ते बघत राहिले.

डॉक्टर इंद्रजित शेलार साताऱ्याचे दातांचे डॉक्टर. सहा वर्षं दर रविवारी ते सुभेदारांच्या पडवीत येऊन छोटे रणगाडे, छोटे जवान बनवायला शिकत होते. आज त्यांनी चौदा महिन्यांचं काम आणलं होतं. एकाहत्तरच्या लढाईतला एक नाला, नाल्याकाठचा चिखल, तेरा जवान आणि एक रणगाडा. सगळं दीड फुटाच्या फळीवर. माणूस करंगळीएवढा.

प्रसंग सुभेदारांनीच सांगितलेला. ते स्वतः त्या नाल्यावर होते. देखावा गावातल्या माजी सैनिकांच्या नव्या दालनात ठेवायचा होता. पण त्याआधी, येत्या रविवारी, पुण्याला अशा छोट्या प्रतिकृतींचं प्रदर्शन होतं. आणि डॉक्टरांना पहिलं बक्षीस हवं होतं.

“रणगाड्याच्या पट्ट्याची एकेक कडी वेगळी जोडलीय,” डॉक्टर म्हणाले. “दाढ कोरायच्या हत्यारानं. माझा हात हलत नाही, साहेब.”

“दिसतंय.”

“आणि रणगाड्याच्या आतला भागसुद्धा रंगवलाय. वरचं झाकण चिकटवून टाकलं. आता तो कधीच कुणाला दिसणार नाही. पण मला माहीत आहे, तो आत आहे.”

“वा!” सुभेदार म्हणाले. मनापासून म्हणाले.

डॉक्टरांची छाती फुगली.

मग शहात्तर वर्षांच्या त्या माणसानं टेबलाचा कोपरा धरला आणि हळूहळू गुडघे टेकले. हनुवटी फळीच्या कडेला आणली. एक डोळा मिटला.



“इकडे या.”

“मला इथून दिसतंय की.”

“खाली या, डॉक्टर.”

डॉक्टरांनी इस्त्रीची पँट जपत गुडघे टेकले.

रणगाडा आता डोंगराएवढा दिसत होता. त्याच्या पुढे, पोटावर पडून, एक जवान सळईनं जमीन टोचत सुरुंग शोधत होता. मान खाली घातलेली. हेल्मेटच्या खाली जिथं चेहरा असायला हवा, तिथं नुसतं करडं प्लास्टिक. डोळे नाहीत, तोंड नाही.

“ह्याला चेहरा नाही,” सुभेदार म्हणाले.

“मान खाली आहे ना त्याची. कुणाला दिसणार आहे?”

सुभेदारांनी रणगाड्याच्या चिकटवलेल्या झाकणावर बोट ठेवलं.

डॉक्टरांना आपलंच वाक्य ऐकू आलं. त्यांचे कान तापले.

“प्रदर्शन झाल्यावर करतो,” ते उठत म्हणाले. “आता त्याला काढायचं तर चिखल फोडावा लागेल. सगळं चिकटवलंय.”

“बरोबर आहे. घेऊन जा पुण्याला. बक्षीस मिळेल. नक्की मिळेल.”

त्या आवाजात टोमणा नव्हता. त्याचाच डॉक्टरांना त्रास झाला. फळी उचलायला ते वाकले… आणि तसेच थांबले.

“कोण होता हा?”

“नाईक रंगराव मोहिते. तो पुढं, मी मागं, माझ्या मागं रणगाडा. सगळी वाट त्यानं साफ केली. शेवटची चार पावलं राहिली होती, तेव्हा गोळी लागली.”

“मग?”

“ती चार पावलं मी केली.”

सुभेदार उठले. गुडघ्यावरची माती झटकली.

“ह्याच गावचा. बायको आहे त्याची. पिठाच्या गिरणीमागं घर.”

हौसाबाई मोहिते दारात बसून शेंगा फोडत होत्या. डॉक्टरांनी आपलं काम सांगितलं. दालनासाठी देखावा केलाय, त्यात रंगराव आहेत, त्यांचा चेहरा करायचाय. फोटो मिळेल का?

“होता एक. पाणी लागून गेला.” म्हातारीनं शेंग फोडली. “पण मला पाठ आहेत की ते. काय पाहिजे तुम्हाला?”

डॉक्टर पायरीवर बसले. खिशातून कागद काढला.

“नाक बसकं. डावी भुवई मधूनच तुटलेली, बैलाचं शिंग लागलं होतं लहानपणी. रंग माझ्यापेक्षा उजळ. त्याचा लई तोरा होता त्यांना.”

“आणखी?”

हौसाबाईंनी मांडीवरची टरफलं झटकली.

“बारीक काम करताना जीभ दातात धरायचे. एवढंसं टोक बाहेर. सुईत दोरा ओवायचा असला तरी. मी हसायची.” त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. “त्या दिवशी पण धरली असंल.”

“असेल, मावशी.”

“त्यांनी वाट केली म्हणून मागचे आले. सुभेदार आले. दर दिवाळीला येतात माझ्याकडं. त्यांना बघितलं की वाटतं, हे काम आपल्या माणसाचं.”

त्या रडत नव्हत्या. ताठ बसल्या होत्या.

घरी आल्यावर डॉक्टरांनी बारीक करवत हातात घेतली. देखाव्याभोवती दोनदा फिरले. मग त्यांनी रंगराव मोहित्यांच्या बाजूनं चिखल कापायला सुरुवात केली.

जवान निघाला. पण चिखलाला तडा गेला. तडा सरळ रणगाड्यापर्यंत धावला आणि पट्ट्याच्या दोन कड्या तुटल्या.

तुरीच्या डाळीएवढा चेहरा. दवाखाना संपला की ते भिंग लावून बसत. तीन केसांच्या कुंचल्यानं एक भुवई, मग दुसरी, मध्ये तुटलेली. नाक कोरलं, ते फार सरळ झालं, पुन्हा कोरलं. वीस वर्षं ते माणसांच्या तोंडात बघत आले होते. पण दातांत धरलेल्या जिभेचं टोक त्यांना चार वेळा पुसावं लागलं. 

पुण्याचा रविवार येऊन गेला. तडकलेला देखावा घरीच राहिला.

सोमवारी ते जवानाला डबीत घालून पडवीत आले.

सुभेदारांनी चष्मा लावला. डबी उजेडात धरली. मग डोळ्यांपाशी आणली आणि तिथंच धरून ठेवली.

“साहेब, एक विचारू? मान जरा वर करतो त्याची. थोडीशीच. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला चेहरा दिसेल. एवढं केलंय तर…”

“सुरुंग शोधताना मान वर करतात?”

“नाही.”

“मग?”

डॉक्टरांनी डबी बंद केली. जवान होता तसाच, मान खाली घालून, आपल्या जागी गेला. चिखल पुन्हा भरला. नव्या कड्या बसवल्या. तडा मात्र नीट बघणाऱ्याला दिसत होता.

दालन उघडलं त्या सकाळी गाव लोटलं. छातीवर पदकं लावून म्हातारे जवान आले. सगळे टेबलाभोवती उभे राहिले आणि रणगाड्याचं कौतुक करू लागले. चाकं बघा, तोफ बघा, खरा वाटतो. डॉक्टर हसून मान डोलवत होते. आत कुठंतरी मात्र वाट बघत होते.

हौसाबाई आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर. गर्दीनं त्यांना पुढं येऊ दिलं.

“कुठं आहेत?”

“रणगाड्याच्या पुढं, मावशी. पण खाली बसून बघावं लागेल. थांबा, स्टूल आणतो.”

“स्टूल कशाला?”

त्या फरशीवर मांडी घालून बसल्या. फळीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. मान तिरकी केली.



“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “जीभ बघा की.”

आणि हसल्या. एखाद्या नव्या नवरीसारख्या, पदर तोंडाशी धरून हसल्या.

मग सुभेदारांच्या हाताला धरून उठल्या. पदर सावरला. टेबलाच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हे आमचे. नाईक रंगराव मोहिते. या, बघा. वरनं दिसायचे नाहीत. खाली बसा.”

सरपंचांनी कडक इस्त्रीच्या कपड्यांत गुडघे टेकले. त्यांच्यामागून मास्तरीणबाई. मग पदकं लावलेले म्हातारे, एकमेकांच्या खांद्याला धरून. एकेकाला हौसाबाई सांगत होत्या, ही भुवई, बैलाचं शिंग लागलेली, हे नाक.

डॉक्टरांचा ऊर भरून आला होता. चौदा महिन्यांत असा आला नव्हता. ते गर्दीतून वाट काढत हौसाबाईंच्या शेजारी पोहोचले.

“ती भुवई मी तीन केसांच्या कुंचल्यानं…” त्यांनी खाली बसलेल्या माणसाला सांगायला सुरुवात केली.

खांद्यावर हात पडला. सुभेदार होते. ताठ उभे, डोळे हौसाबाईंवर.

“डॉक्टर, मागं सरा. वहिनी दाखवतायत.”