न चुकणारा बाण

एका राज्यात तीन दिशांना तीन मुलूख होते आणि चौथ्या दिशेला राजवाडा होता. एक मुलूख माळाचा, तिथे मेंढपाळ राहत आणि लांडगे येत. दुसरा नदीचा, तिथे भोई राहत आणि मगरी येत. तिसरा रानाचा, तिथे रानकरी राहत आणि वाघ येत. राजाचं नाव होतं अरिंजय. नाव जरा भारीच होतं, पण माणूस मनाने चांगला होता.

ऐन तारुण्यात हा राजा भस्मकेश मांत्रिकाच्या गुहेत उतरला होता. मांत्रिक केव्हाच मरून गेला होता, खजिना मात्र जागच्या जागी होता, आणि त्यावर एक म्हातारा धनेश पक्षी राखणीला बसला होता. राजाने सोन्याकडे पाहिलं नाही. त्याने एक काळा बाण तेवढा उचलला. धनेश म्हणाला, "हा बाण कधी चुकत नाही. तेवढंच त्यात वाईट आहे." राजाने पहिलं वाक्य ऐकलं आणि घोड्यावर टांग टाकली. राजे लोक साधारण एवढंच ऐकतात.

गादीवर बसताना त्याने वचन दिलं, की जिथे जनावर गुरांवर पडेल तिथल्या लोकांनी टेकडीवर ओला पाला जाळून धूर द्यावा. धूर दिसला की राजा निघेल. आणि राजा खरोखर निघे. भरल्या ताटावरून उठे, तापाने फणफणलेला असला तरी उठे. बाण सुटे, जनावर पडे, बाण आपसूक भात्यात परत येई. लोक राजाला ओवाळत. मात्र दुसऱ्या दिवशी, जिथे एक जनावर पडलं तिथे दोन उठत. दर खेपेला राजाच्या उजव्या हाताचा थोडा भाग दगड होई. आधी नखं गेली, मग बोटं, मग मनगट. दगडी हातानेही बाण अचूकच सुटे. जादूचा न्याय असाच असतो. राजाने अंगरख्याच्या बाह्या लांब शिवून घेतल्या आणि कुणाला काही कळू दिलं नाही.

कळलं ते एकट्या कुमुदिनीला, त्याच्या मुलीला. बापाला पागोटं बांधताना तिने ती बाही धरली आणि आत दगड लागला.

"आबासाहेब, हे काळजापर्यंत गेलं तर?" तिने विचारलं.

"तर जाईल."

"पुढच्या धुराला जाऊ नका."

"कुमुद, धूर दिसत असताना जो घरात बसून राहतो, त्याला लोकांनी राजा का म्हणावं?"

कुमुदिनीने पागोटं नीट बांधून दिलं. तिने घोडा काढला आणि थेट गुहेची वाट धरली. बापाचा तिला राग आला होता. तसा हट्टी बाप दुसरा मिळणार नाही, हेही तिला ठाऊक होतं, म्हणून ती वाटभर रडली.

धनेश सोन्याच्या राशीवर बसून उंबरं खात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उपाय आहे. तिन्ही मुलखांत जनावर यावं आणि धूर उठू नये. तिसऱ्या मुलखातही तसं झालं, की बाण निवेल."

"एवढंच? मग मी लोकांना सांगते, राजा मरतो आहे, धूर देऊ नका."

"दयेपोटी अडवलेला धूर धरला जाणार नाही. लोकांना बाण नकोसा झाला पाहिजे. हाताबद्दल एक अक्षर बोललीस, तर दगड त्याच क्षणी काळजात जाईल."

कुमुदिनीने ओठ मिटले. धनेशाने उरलेली उंबरं संपवली आणि तिच्या मागोमाग उडत निघाला. राखण करून त्यालाही कंटाळा आला असावा.

आधी ती माळावर गेली. तिथे झाड नाही, झुडूप नाही, नजर जाईल तिथवर गवत. मेंढपाळांचा म्होरक्या धुळाजी तिला सामोरा आला.

"पूर्वी लांडगा आला तर काय करायचात?" तिने विचारलं.

"कुत्री होती जी आमची. गळ्यात खिळ्यांचे पट्टे, अंगाने वासराएवढी."

"मग ती गेली कुठे?"

धुळाजी जरा वरमला. "कुत्र्याला रोज भाकर लागते. धुराला काय, ओलं गवत पुरतं. महाराज येत होते, मग कुत्री कशाला पाळायची? एकेक करून सोडून दिली."

माळावर कुंपणाला लाकूड नव्हतं, भिंतीला दगड नव्हता, आणि मेंढरं आज इथे तर उद्या तिथे. तिथे राखणही चालती-फिरतीच हवी होती. कुमुदिनीने डोंगरापलीकडून त्याच जातीची पिल्लं आणवली. धुळाजीने ती डोळे उघडायच्या आत मेंढ्यांमध्ये ठेवली. मेंढीच्या उबेत वाढलेल्या पिल्लाला कळपच आपलं घर वाटतं, हे त्याला बापजाद्यांपासून माहीत होतं. फक्त आळसापायी तो ते विसरला होता. पिल्लं मोठी होईपर्यंत मेंढपाळ स्वतः कळपाजवळ निजले आणि त्याबद्दल त्यांनी भरपूर कुरकुर केली.

कुत्री मोठी झाली आणि एका सकाळी लांडगे आले. कुत्री कळपाभोवती फिरत भुंकली, धुळाजीने शीळ घातली. लांडगे थोडा वेळ उभे राहिले, त्यांनी आपसात काही विचार केला असावा, आणि ते ससे धरायला निघून गेले. माळावर धूर उठला नाही. कुमुदिनीला वाटलं, आपल्याला गुरुकिल्लीच सापडली. तिने दोन उमदी कुत्री बरोबर घेतली आणि ती नदीकडे निघाली.

"नदीला विचारलंस का?" धनेशाने वरून विचारलं.

"काय विचारायचं? उपाय हातात आहे," ती म्हणाली.

नदीवरच्या भोयांचा म्होरक्या रखमाजी. त्याने कुत्र्यांकडे पाहिलं, मग राजकन्येकडे पाहिलं, आणि राजकन्येपुढे कसं बोलावं म्हणून गप्प राहिला. कुत्री घाटावर ठेवली. संध्याकाळी म्हशी पाण्यावर आल्या, पाणी हललं, कुत्री आपल्या धर्माप्रमाणे भुंकत पुढे धावली. मगरीने एकाला ओढलं. दुसरं त्याला सोडवायला गेलं, तेही गेलं. मग मगरीने एक रेडकूही नेलं. घाटावर आरडाओरडा झाला, आणि पाहता पाहता टेकडीवर धूर उठला.

राजा आला. पलीकडच्या तीरावरून त्याने बाण सोडला, मगर उलटी झाली, लोकांनी जयजयकार केला. कुमुदिनी लोकांच्या मागे उभी होती. बापाचा खांदा एका बाजूला झुकलेला तिने पाहिला. दगड खांद्याशी पोचला होता. तो तिच्याकडे पाहून हसला आणि घोडा वळवून निघून गेला, आणि ते हसणं तिला फार लागलं.

"मी बाण घेतला नाही," ती धनेशाला म्हणाली, "पण आबासाहेबांची खोड तेवढी घेतली. एकच उपाय उचलायचा आणि सगळीकडे घेऊन पळायचं."

धनेशाने तिला समजावलं नाही. तो राखणदार होता, गोड बोलणं त्याचं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती रखमाजीच्या अंगणात जाऊन बसली. "काल कुत्री पाहून तुम्ही गप्प का राहिलात?"

"तुमी राजाच्या लेक. तुमाला काय सांगायचं? कुत्रं म्हंजे मगरीला नैवेद्यच की."

"आता सांगा. मी ऐकते."

मग ती नुसती पाहत राहिली. बाया त्याच घाटावर धुणं धूत, म्हशी तिथेच पीत, आणि भोई तिथेच मासे साफ करत. माशांची आतडी सरळ पाण्यात जात. मगरीला रोज ताट वाढायचं आणि ती जेवायला आली की राजाला बोलवायचं, असा तो कारभार होता. हे कुमुदिनीने बोलून दाखवलं तेव्हा रखमाजी डोकं खाजवत म्हणाला, "हे आमच्या ध्यानातच आलं न्हाई. रोजचंच काम ते."

मासे साफ करायची जागा पार खाली, वळणापलीकडे नेली. घाटापुढे पाण्यात बांबूचे खुंट अर्धगोल ठोकले, एवढे जवळ की मधून मासा जावा, मगर जाऊ नये. पुरात ते वाहून जाणार, दरवर्षी नवे ठोकावे लागणार, यावर दोन घरांत भांडणही झालं. पण बांबू नदीकाठीच होता आणि ठोकणारे हातही तिथलेच. मगर आली, खुंटांना नाक घासून पाहिलं, आणि वळणाकडे पोहत गेली. पाण्यावर बाया धुणं आपटत होत्या. कुणी वर टेकडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्या मुलखात कुमुदिनी रिकाम्या हाताने गेली. रानकऱ्यांची कारभारीण जिवलीबाय होती. अंगाने काटकुळी म्हातारी, बोलणं तोडून.

"कुत्री नको, वाघ कुत्र्यालाच आधी उचलतो," ती म्हणाली. "कुंपण नको, हे रान कुंपणाचं न्हाई."

"मी काहीच आणलेलं नाही," कुमुदिनी म्हणाली. "राहू द्याल तर राहते."

राहता राहता तिला कळलं, की इथे वाघाला वाटा देतात. सुगीनंतर एक बकरा वाघाच्या धोंड्यापाशी बांधायचा आणि मागे न पाहता यायचं. ही रीत आज्यापणज्यांपासूनची. वाघ वाटा नेई आणि बाकीचं वर्ष आपल्या वाटेने जाई. तो धोंडा पाहायचा म्हणून कुमुदिनी निघाली, तर तो तिला गोठ्यांच्या मधोमध सापडला. वस्ती वाढत गेली होती. एकेक घर, एकेक गोठा करत लोक रानात पुढे सरकले होते, आणि जो धोंडा पूर्वी रानात होता त्याला आता तिन्ही बाजूंनी शेळ्या होत्या.

"धोंडा आत रानात नेता येईल," कुमुदिनीने सुचवलं.

जिवलीबायने तिच्याकडे असं पाहिलं की ती वाक्याच्या मध्येच थांबली.

"देवाला उठवत न्हाईत," म्हातारी म्हणाली.

कुमुदिनीने पुढे काही सुचवलं नाही. या खेपेला तिने जीभ आवरली. ती त्यांच्याबरोबर मोहाची फुलं वेचत राहिली आणि मनात बापाचा खांदा पाहत राहिली.

आणि एका दुपारी, भर उजेडात, वाघ आला. वाट्याची वेळ नव्हती, धोंड्यापाशी काही बांधलेलं नव्हतं. तो थोडा वेळ तिथे उभा राहिला, मग शेजारच्या गोठ्यातून जिवलीबायची पहिलटकर कालवड उचलून चालता झाला. ती कालवड जिवलीबायने हाताने पाणी पाजून वाढवली होती. लोक धावले. ओला पाला टेकडीवर रचलेलाच होता. कुणीतरी जळतं लाकूड आणून जिवलीबायच्या हातात दिलं, कारण तो मान कारभारणीचा.

एक शब्द बोललं तर सगळं संपणार होतं, आणि न बोललं तरी संपेल असं दिसत होतं. कुमुदिनीने पदर तोंडात धरला. धनेश फांदीवर पंख मिटून बसला होता.

जिवलीबाय लाकूड धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "राजा येईल," ती हळू म्हणाली. "ह्या वाघाला मारील. उद्या दोन उठतील. मागं उठले ते कसे होते, ठाव हाय ना? त्यांना ना वाट कळायची, ना वाटा कळायचा. हा ओळखीचा हाय. आपल्या ठिकाणी आला. ठिकाणी आपण बसलोय."

"मग काय करायचं, बाय?" लोकांनी विचारलं.

"देव उठवत न्हाईत. आपण उठू."

तिने लाकूड पायाखाली विझवलं. "आणि ह्या पोरीसाठी न्हाई हां," कुमुदिनीकडे बोट करून ती म्हणाली, "माझ्या कालवडीसाठी रडून झालं की मग उठू." ती खाली बसली आणि खरंच मोठ्याने रडली. मग तिने डोळे पुसले, कंबरेला पदर खोचला आणि आपल्या गोठ्याची पहिली मेढ उपटली. दिवस मावळायच्या आत निम्मे गोठे ओढ्याअलीकडे, घरांच्या मागे आले, आणि त्यांना चांगली जाड दारं लागली.

त्याच संध्याकाळी तिन्ही मुलखांत बाणातून उठलेली जनावरं उन्हातल्या दवासारखी विरून गेली. आईच्या पोटी जन्मलेली तेवढी राहिली. फांदीवरचा धनेश म्हणाला, "बाण निवला," आणि उंबराचं झाड शोधायला उडून गेला. निरोप घ्यायची त्याला सवय नव्हती.

कुमुदिनी घोडा फेकत राजवाड्यावर आली. राजा गच्चीवर उभा होता. भात्यात बाण नव्हता, एक वाळका बोरू होता. राजा आपल्या उजव्या हाताची मूठ उघडत-मिटत होता, पण त्याचं लक्ष हाताकडे नव्हतं. तो तिन्ही दिशांना पाहत होता.

"कुमुद," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "किती दिवस झाले, माळावरून धूर नाही, नदीवरून नाही, आता रानावरूनही नाही. माझी माणसं जिवंत आहेत ना?"

"जिवंत आहेत, आबासाहेब."

"मग मला बोलवत का नाहीत?"

तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो ऊन होता. "त्यांना गरज पडली नाही," ती म्हणाली.

मग तिन्ही मुलखांत काय काय झालं, ते तिने त्याला सगळं सांगितलं. राजाला आनंद झाला होता, आणि आत कुठेतरी वाईटही वाटलं होतं. दोन्ही त्याच्या तोंडावर दिसत होतं आणि त्याने ते लपवलं नाही. मग त्याने विचारलं, "नदीवर दरवर्षी खुंट ठोकावे लागतात म्हणालीस. त्यांना बांबू पुरेल का?"

"ते तिथे जाऊन त्यांनाच विचारायला हवं."

"मग उद्या जाऊ," राजा म्हणाला, "धनुष्य इथेच ठेवू."

अशी माळाला माळाची राखण मिळाली, नदीला नदीची, रानाला रानाची, आणि त्या दिवशी राजा ताटावरून मध्येच न उठता पोटभर जेवला.